जिन्याच्या दाराला फोन जोडताना

जळगावातली ही इमारत म्हणजे खाली पार्किंग, वर चार मजले आणि मजल्यावर चार घरं, एकूण सोळा. जिना एक, लिफ्ट एक, आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी ग्रिलचं एकपाखी दार. वॉचमन फक्त रात्री. दिवसा दार उघडं ठेवलं तर कुणीही वर जातं, कुलूप लावलं तर चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला किल्ली घेऊन खाली यावं लागतं. जुन्या इंटरकॉमच्या वायरी रंगकामात आणि फरश्या बदलताना जागोजागी तुटल्या होत्या, आणि सोळांपैकी एकाही घरात आता लँडलाइन उरली नव्हती. म्हणून सिमवर चालणारी टेलिफोन एंट्री बसवायची ठरली. पाहुणा खाली पॅनेलवर घराचा नंबर दाबतो, पॅनेल त्या घरच्या मोबाइलवर फोन लावतं, घरचा माणूस बोलून खात्री करतो आणि ९ दाबतो, की दार सुटतं. घरोघर वायर ओढावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

काम अडीच दिवसांचं धरावं. एक दिवस दार, कुलूप आणि वायरिंग. अर्धा दिवस प्रोग्रामिंग. आणि एक पूर्ण दिवस घरोघर जाऊन माणसांना शिकवण्यात. हा शेवटचा दिवस बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत, आणि महिन्याभरात दाराला वीट अडकवून ठेवलेली दिसते.

कुलपावरून दोन मतं होती. इलेक्ट्रिक रिम लॉक म्हणजे दारावर बसणारं, विजेने सुटणारं कुलूप. त्याला वीज फक्त उघडताना लागते. लाइट गेली तरी दार बंद राहतं, बाहेरून किल्ली चालते. ईएम लॉक म्हणजे विद्युतचुंबक. त्याला सतत वीज लागते आणि ती तुटली की दार मोकळं होतं. चोरीचाच विचार केला तर रिम लॉक बरं वाटतं. पण हे दार सोळा घरांचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता आहे. खाली पार्किंगमध्ये एखादी गाडी पेटली आणि लाइट गेलेली असली, तर अंधारात, धुरात कुणी कुलपाचा लीव्हर शोधत बसू नये. म्हणून ६०० पौंडांचं, म्हणजे साधारण २७० किलोची ओढ धरणारं ईएम लॉक घेतलं. कंपाउंडच्या गेटला, जिथे कुणी आत कोंडलं जाण्याची भीती नाही, तिथे रिम लॉक खुशाल लावावं. फक्त त्याला वीज एका सेकंदापेक्षा जास्त वेळ देऊ नये, कॉइल जळते.

चुंबकाची सगळी ताकद दारावरच्या पोलादी पट्टीच्या बसण्यावर असते, आणि चूक हमखास इथेच होते. ही पट्टी दाराला घट्ट आवळायची नसते. मधल्या बोल्टवर दोन लोखंडी वॉशरच्या मध्ये एक जाड रबरी वॉशर येतो. त्या रबरावर पट्टी किंचित डुलली पाहिजे, कडेला अंगठ्याने दाबली तर हलकेच कलली पाहिजे. तेव्हाच वीज आल्यावर ती स्वतः सरळ होऊन चुंबकाच्या तोंडाला सपाट चिकटते. फिटरने सवयीने पाना लावून ती कच्च आवळली होती. दार बंद दिसत होतं, पण खांद्याच्या एका धक्क्याने उघडलं. मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरला तेव्हा वरच्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. तेवढ्या फटीत अर्ध्याहून जास्त पकड गेली होती. बोल्ट दीड आटे सैल केला, रेघ गेली, आणि दोघांनी लोंबकळूनही दार हललं नाही. पट्टीचा किंवा चुंबकाचा चेहरा कानस, पॉलिश पेपरने घासू नये. वरचा मुलामा गेला की गंज धरतो. उन्हाळ्यात वावटळीबरोबर काळ्या मातीची बारीक धूळ येऊन तिथे बसते. ती आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

त्याआधी दार. बिजागरी झिजून दार खाली बसलं असेल तर कितीही महाग कुलूप लावा, पट्टी आणि चुंबक समोरासमोर येणारच नाहीत. वेल्डरकडून वरची बिजागरी नवी करून घेतली आणि दार बोटाने ढकललं तरी फिरतंय हे पाहूनच लॉकची भोकं पाडली. डोअर क्लोजरला दोन स्क्रू असतात. एक दार फिरण्याच्या वेगाचा, दुसरा शेवटच्या वीतभर अंतराचा. आत तेल असतं. ते मे महिन्याच्या दुपारी पातळ होतं आणि दार आपटतं, डिसेंबरच्या पहाटे घट्ट होतं आणि दार अर्ध्यातच रेंगाळतं. जळगावला दोन्ही टोकं सोसावी लागतात, त्यामुळे वर्षातून दोनदा हे स्क्रू पाव-पाव आटा फिरवावे लागणार, हे सोसायटीला आधीच सांगून ठेवलं.

वायरीत कंजुषी करू नये. पॉवर सप्लायचा डबा जिन्याखालच्या भिंतीवर आहे. तिथून लॉकपर्यंत पाइपाच्या वळणांसकट २२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४४ मीटर तांबं. इंटरनेटच्या केबलची एक जोडी वापरली तर तेवढ्या लांबीत जवळपास ३.७ ओहम अडथळा येतो आणि अर्ध्या अँपिअरला १.८ व्होल्ट वाटेतच जातात. १२ चे १०.२ झाले की चुंबक धरतं, पण मरगळलेलं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हीच घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते, रिळावर नीट वाचून घ्यावं. शंका असेल तर टोक पात्याने खरवडा. आत पांढरं दिसलं की परत करा.

पॅनेललाही तोच नियम. सिमचं मॉड्यूल शांत असताना फार वीज घेत नाही, पण टूजीवर फोन लावताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बारीक वायर असेल तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज खचतं आणि पॅनेल रीस्टार्ट होतं. ‘नंबर दाबला की स्क्रीन विझते आणि पुन्हा कंपनीचं नाव येतं’ ही तक्रार आली की आधी वायर पाहावी, पॅनेल नंतर.

पॉवर सप्लाय १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, बॅटरी चार्ज करणारा घेतला. सीसीटीव्हीचा साधा ॲडॉप्टर इथे चालत नाही. लॉक अर्धा अँपिअर आणि पॅनेल सुमारे ०.१५, म्हणजे ०.६५ चा सततचा भार. ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी नवी असताना यावर सात-आठ तास काढते. इथल्या लोडशेडिंगला ते पुरतं. पण या बॅटरीला उष्णता सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. डबा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लावायचं सुचवलं गेलं होतं, ते म्हणूनच नाकारलं. जिन्याखाली हवा थंड असते. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिली. दीड-दोन वर्षांनी तिने दम सोडण्याआधीच ती बदलावी.

रिले म्हणजे पॅनेलमधला विजेने चालणारा स्विच. त्याची जोडणी अशी: सप्लायच्या प्लसमधून वायर रिलेच्या कॉमनला, रिलेच्या एनसीमधून (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेलं टोक) लॉकच्या प्लसला, आणि लॉकचं मायनस थेट सप्लायला. ईएम लॉकला एनसी आणि रिम लॉकला एनओ (नॉर्मली ओपन, एरवी तुटलेलं टोक), हे डोक्यात पक्कं ठेवावं. उलटं झालं तर ईएम लॉक दिवसभर मोकळं राहतं आणि ९ दाबल्यावर पाच सेकंद बंद होतं. लॉकच्या दोन टोकांवर १एन४००७ हा डायोड लावायचा, चंदेरी पट्टीची बाजू प्लसला. चुंबकाची वीज तोडताना उलटा झटका बसतो आणि रिलेचे संपर्क हळूहळू जळून चिकटतात, तो झटका हा दोन रुपयांचा तुकडा गिळतो. पट्टी उलट्या बाजूला गेली तर सरळ शॉर्ट, फ्यूज उडतो. आतल्या बाजूचं हिरवं बटण पॅनेलच्या एक्झिटच्या टोकांना जोडलं. लाइट गेली तरी बॅटरीवर चुंबक धरूनच राहतं, म्हणून काच फोडायचा आपत्कालीन स्विच वेगळा घेतला आणि तो पॅनेलला न जोडता लॉकच्या प्लस वायरीत मधोमध टाकला. पॅनेल अडकलं, रिले चिकटला, तरी काच फोडली की वीज तुटलीच पाहिजे. यात तडजोड नाही.

पॅनेल छज्जाखाली, पूर्वेकडच्या खांबावर, बटणं जमिनीपासून साडेचार फुटांवर येतील असं बसवलं. पश्चिमेची भिंत जास्त समोरची होती, पण तिथे दुपारी चारला धातूची बटणं बोट भाजतात आणि स्क्रीन काळी पडते. केबल खालून आत घेतली आणि आत जाण्याआधी तिला खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे पाणी वळशावरून गळून जातं. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावायचं, खालची कड मोकळी सोडायची. आत साचलेला ओलावा तिथूनच निघतो. अँटेना डब्याच्या आत गुंडाळून ठेवू नये. लोखंडी डबा सिग्नल खातो, आणि टूजीवर स्पीकरमध्ये टर्रटर्र ऐकू येते. दीड मीटर वायरीने ती छज्जावर नेली. सिग्नलचा आकडा ० ते ३१ मध्ये दिसतो. आत ९ होता, वर नेल्यावर १९ झाला. १५ च्या खाली असेल तर आवाज तुटणारच, पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता सिम. बाजारात अजूनही फक्त टूजीवर चालणारी पॅनेल स्वस्तात मिळतात. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे त्यांचं सिम त्यात चालत नाही. आम्ही फोरजी आणि व्होल्टीई (फोरजीवरूनच बोलण्याची सोय) असलेलं पॅनेल घेतलं, पुढची काही वर्षं बघायची तर तेच घ्यावं. सिम आधी साध्या मोबाइलमध्ये घालून तयार करायचं. सिमचं पिन लॉक काढा, कॉल वेटिंग बंद करा, सिममधले जुने नंबर पुसा, एक फोन लावून आणि एक घेऊन बघा. सिम सोसायटीच्या नावावर असावं. सेक्रेटरीच्या खासगी नावावर घेतलं की पुढचा सेक्रेटरी आल्यावर घोळ होतो.

प्रोग्रामिंगची बटणं कंपनीगणिक वेगळी, क्रम मात्र बदलत नाही. पहिलं काम मास्टर कोड बदलणं. कारखान्यातून येणारा कोड पुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका इंटरनेटवर असते. नवा कोड सहा आकडी घेतला, पिनकोड किंवा इमारतीचा नंबर नको. मग तारीख आणि वेळ. वेळ चुकली तर दूधवाल्याचे वेळेचे कोडही चुकतात. मग वेळेच्या सेटिंग्ज: दार ५ सेकंद मोकळं, बोलणं ६० सेकंद, रिंग २० सेकंद. वॉकर घेऊन चालणारं कुणी असेल तर पाचाऐवजी आठ ठेवा.

मग घरांची यादी. कोड म्हणून घराचाच नंबर ठेवला, १०१ ते ४०४. पॅनेलमध्ये आडनावाने शोधायची सोयही होती, ती बंद केली. खानदेशातल्या इमारतीत आडनावाने माणूस शोधणं कठीण. इथे सोळांत पाच पाटील, तीन चौधरी आणि दोन महाजन निघाले. शिवाय कोणत्या घरात कोण राहतं हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाचायला मिळू नये, एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी तर नकोच. बाजूला फक्त नंबरांची आणि ‘नंबर दाबा, मग घंटीचं बटण’ एवढ्या मराठी सूचनेची पाटी लावली.

प्रत्येक घराला तीन मोबाइल नंबर देता येतात. पहिला घरात सगळ्यात जास्त असणाऱ्या माणसाचा. कर्त्या पुरुषाचा नंबर पहिला दिला तर तो दुकानात, दार वाजतंय घरी. २० सेकंदांत उचलला नाही की पॅनेल दुसऱ्याला लावतं. इथे एक खोच आहे. पहिल्या नंबरवर व्हॉइसमेल चालू असेल तर ते फोन ‘उचलतं’, पॅनेलला वाटतं माणूस मिळाला आणि दुसऱ्या नंबरकडे ते वळतच नाही. व्हॉइसमेल बंद करून घ्यावं. तिसरा नंबर बऱ्याच जणांनी पुण्याच्या किंवा सुरतेच्या मुलाचा दिला. आईबाबांनी फोन उचलला नाही तर तो तिथून दार उघडू शकतो. चांगली सोय आहे, पण त्याला समोर कोण उभं आहे हे दिसत नाही, म्हणून आवाज ओळखल्याशिवाय ९ नको, हे त्या मुलांना फोन करून सांगितलं.

उलट्या बाजूचीही सोय असते. नोंदवलेल्या मोबाइलवरून पॅनेलच्या सिमला मिस्ड कॉल दिला की दार उघडतं, पैसा पडत नाही. राहणाऱ्यांना किल्लीची गरज राहत नाही. इथे नंबर कसा लिहिलाय याला महत्त्व आहे. फोन येतो तो +९१ लावून, आणि यादीत नुसते दहा आकडे किंवा पुढे शून्य असेल तर काही पॅनेल त्याला परका समजतात. आमच्या पॅनेलमध्ये शेवटचे दहा आकडे जुळवायची सेटिंग होती, ती चालू केल्यावर अडचण गेली. दूध आणि पेपरवाल्याला पहाटे साडेपाच ते साडेसात एवढ्याच वेळेत चालणारे वेगळे कोड दिले, दोघांना एकच नाही. एकाने काम सोडलं तर त्याचाच पुसता येतो.

संपूर्ण यादी आधी कागदावर, मग पॅनेलमध्ये. एकाने वाचायचं, दुसऱ्याने दाबायचं, आणि पॅनेलने दाखवलेले आकडे पुन्हा मोठ्याने वाचायचे. अट्ठेचाळीस नंबरांत दोन चुकले होते, दोन्ही शेवटच्या आकड्यात, आणि दोन्ही या उलट वाचनात सापडले. नाहीतर तिसऱ्याच कुणाला रात्री अकराला ‘दार उघडा’ असा फोन गेला असता.

मग घरोघर. प्रत्येक घरी एक जण खाली पॅनेलपाशी, एक वर. आधी पॅनेलचा नंबर ‘गेट’ म्हणून फोनमध्ये सेव्ह करून आवडत्या नंबरांत टाकायचा. सेव्ह नसेल तर बरेच फोन अनोळखी नंबर गप्प करतात किंवा स्पॅम दाखवतात. मग खरी अडचण येते ती कीपॅडची. दुसऱ्या मजल्यावर आबांनी फोन कानाला लावला, बोलले, आणि ९ दाबायला फोन खाली घेतला तर स्क्रीन काळी. “भाऊ, आकडे कुठे गेले?” फोन कानाजवळ असला की स्क्रीन आपोआप विझते, आणि बोलताना आकडेही लपलेले असतात. “आबा, फोन चेहऱ्यासमोर धरा, स्पीकर लावा, हे नऊ ठिपक्यांसारखं चित्र आहे ना, त्याला बोट लावा. आता ९, आणि बोट जरा दाबून धरा.” खाली रिलेचा टक् असा आवाज आला आणि दार सुटलं. असं तीनदा करून घेतलं, आणि चौथ्यांदा आम्ही काही न बोलता. बटणांचा साधा फोन असलेल्या आजींना एकदाच सांगावं लागलं.

९ दाबूनही दार उघडत नाही, तेव्हा आधी कान लावा. रिले टक् वाजला तर फोनची बाजू बरोबर आहे, बिघाड वायरीत किंवा लॉकमध्ये. मल्टिमीटर लॉकवर लावा, ९ दाबल्यावर व्होल्टेज शून्यावर आलं पाहिजे. टक् वाजलाच नाही तर आकड्याचा सूर पॅनेलपर्यंत पोचत नाही. प्रत्येक बटण दोन सूर एकत्र वाजवतं, ९ चे ८५२ आणि १४७७ हर्ट्झ. पॅनेलच्या माइकमधून रस्त्यावरचा हॉर्न त्याच वेळी आत येत असेल तर हे दोन सूर वेगळे ओळखता येत नाहीत. आमच्याकडे माइकची पातळी कारखान्यातून सर्वात वर होती. ती मधोमध आणली, स्पीकर एक घर कमी केला, तेव्हा रिक्षांच्या गर्दीतही ९ पोचायला लागला.

एक लक्षण फार फसवतं. मिस्ड कॉलने दार उघडतं, पण पॅनेलवरून कुणाच्याच घरी फोन जात नाही. पॅनेल बिघडलं असं वाटतं. बहुतेक वेळा रिचार्ज संपलेला असतो. बाहेर जाणारे फोन आधी बंद होतात, येणारे काही दिवस चालू राहतात. म्हणून रिचार्ज शक्यतो वर्षाचा करावा आणि संपायची तारीख पॉवर सप्लायच्या झाकणाच्या आत लिहावी. तिथेच घरांच्या यादीची एक प्रत प्लास्टिकमध्ये, जोडणीचं चित्र आणि फ्यूजचा आकार. मास्टर कोड मात्र तिथे नाही, तो बंद पाकिटात सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्याकडे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात माहेरवाशिणी येतात, दिवसभर ये-जा असते आणि घरच्यांचे फोन सारखे वाजत राहतात. त्या घरांना त्या आठ दिवसांपुरता वेगळा चार आकडी कोड देऊन ठेवला, संपायची तारीख टाकूनच. शेवटी मेनचा एमसीबी खाली पाडला, डब्यावरचा बॅटरीचा दिवा लागला, आणि ४०४ दाबलं. वरून आजींचा आवाज आला, “कोण रे?” नाव सांगितलं, आणि दार सुटलं.